मूठभर म्हणजे किती?

"हात पुढे करा," आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. टेबलावर बदामांची बरणी होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रोज घेता तेवढेच घ्या. लाजू नका."

मी लाजले नाही. बरणीत हात घातला आणि सवयीनं मूठ भरून बाहेर काढली. दोन बदाम वाटेत सांडले, तेही उचलून घेतले. मॅडमनी एक छोटा डिजिटल काटा माझ्यापुढे सरकवला. त्यावरच्या वाटीत मी मूठ रिकामी केली. आकडा जरा थरथरला आणि ४२ ग्रॅमवर थांबला.

"अशा किती मुठी होतात दिवसाला?"

"दोन," मी म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. "तीन." तरी नाहीत. "कधीकधी चार."

वजन उतरवण्यासाठी केलेल्या पोटाच्या ऑपरेशनला तेव्हा १४ महिने झाले होते. अकराव्या महिन्यात वजन उतरायचं थांबलं आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत ३.५ किलोंनी वर गेलं. मी त्यांच्याकडे गेले होते ती तक्रार घेऊनच. साखर नाही, तळलेलं नाही, बेकरीचं नाही. मधल्या वेळी मी फक्त प्रोटीन खाते, मग हे कसं? "प्रोटीन म्हणजे काय काय?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या यादीत पहिलं नाव बदामांचं निघालं. दुसरं काजूंचं. तिसरं शेंगदाण्यांचं.

आता वाटतं, चूक आकड्यांची नव्हती. मापाची होती. आपल्या भाषेत हातावरची मापं किती आहेत बघा: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. सगळी सोयीची, कारण हात कायम बरोबर असतो आणि तो कधी हिशोब मागत नाही. ऑपरेशननंतर मिळालेल्या कागदावरही लिहिलं होतं, 'मूठभर नट्स चालतील'. ते लिहिणाऱ्याच्या मनात कुणाची मूठ होती कोण जाणे. माझी मूठ मात्र १२४ किलोंच्या बाईनं आयुष्यभर घडवलेली होती. शल्यविशारदांनी माझं पोट कापलं. मुठीला कुणी हात लावला नव्हता.

*

माझं ऑपरेशन स्लीव्हचं. जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक उभी नळी शिल्लक ठेवतात. जिथे एक-दीड लिटर मावायचं, तिथे सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर मावतं. 'वीतभर पोटासाठी' असं आपण सहज म्हणून जातो. माझं पोट खरोखरच वीतभर झालं. नळी फार रुंद किंवा फार अरुंद होऊ नये म्हणून शिवताना आत एक मापाची रबरी नळी ठेवतात. ती साधारण ३२ ते ४० फ्रेंचची असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ३६ फ्रेंचची नळी १२ मिलिमीटर जाडीची. हे मी ऑपरेशनच्या आधी वाचलं होतं आणि विसरले होते. पुढे एका बदामानं ते आठवून दिलं. बदाम रुंदीला साधारण तेवढाच असतो.

(गंमत अशी की ही शस्त्रक्रिया मुळात पूर्ण उपचार म्हणून जन्मलीच नाही. फार मोठ्या ऑपरेशनचा तो पहिला टप्पा होता. ज्यांचं वजन इतकं जास्त की सगळं एकदम करणं धोक्याचं, त्यांच्यासाठी. पण पहिल्या टप्प्यातच अनेकांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज राहिली नाही. मला हे वाचून उगाच धीर आला होता. अर्धवट सोडलेल्या कामातूनही काहीतरी बरं निघतं, म्हणून.)

या पोटाचा पहिला नियम: आधी प्रोटीन. जागा इतकी कमी की तिथे कोण बसणार ते ठरवावं लागतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम, कुणाला ८०. हिशोब करायचा तर आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते दीड ग्रॅम. ते गेलं नाही तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालतं. केसांचंही तसंच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. ते बरेचसे ऑपरेशनच्या आणि झपाट्यानं उतरलेल्या वजनाच्या धक्क्यानं गळतात आणि पुढे परत येतात, पण प्रोटीन कमी पडलं तर प्रकरण लांबतं. रोज सकाळी कंगव्यातला गुंता बघून मी ग्रॅम मोजायचे. ६० हा आकडा मला देवाच्या नावासारखा झाला होता.

आणि ते ६० ग्रॅम जाणार कुठून? पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. प्रोटीनचा शेक पहिल्या आठवड्यात अमृत, तिसऱ्यात औषध आणि सहाव्यात शिक्षा. ऑपरेशननंतर अनेकांची चव बदलते, तशी माझी बदलली. उकडलेल्या अंड्याचा वास मला दुसऱ्या खोलीतून यायला लागला आणि आला की पोटात ढवळायचं. चिकन चावून चावून कापसासारखं व्हायचं आणि घशाखाली उतरताना थांबायचं. दही तेवढं जायचं. दही किती खाणार?

पण मी सर्वांत जास्त आसुसले होते ती चवीला नव्हे. आवाजाला. सहा आठवडे तोंडात काही वाजलं नव्हतं. सगळं मुकाट खाली जायचं. बाजूला कुणी काही कुरकुरीत खाल्लं की माझा जबडा आपोआप हलायचा. भूक नव्हती, ती खरंच गेली होती. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात. भूक गेली तरी दातांना काम हवंच होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होतं. पोट तेवढं नव्हतं.

*

आमच्या टीमनं सांगितलं होतं, अख्खे नट्स तीन महिन्यांनंतर. याबाबत प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. कुणी गुळगुळीत बदाम-बटर आधी चालवतं, कुणी सगळ्यालाच थांबायला सांगतं. कारण एकच. टाक्यांची रेषा भरून यायला वेळ लागतो, आणि नीट न चावलेला कडक तुकडा अरुंद जागेत अडकू शकतो.

मी सातव्या आठवड्यातच खाल्ले. ऑफिसात बैठक होती, ती लांबली, माझी शेकची वेळ टळली. समोर ताटलीत खारे बदाम होते. मनात म्हटलं, प्रोटीनच आहे की. चार उचलले. बोलता बोलता, ऐकता ऐकता खाल्ले. किती चावले हे मला सांगता येणार नाही, यातच काय ते आलं. पाचेक मिनिटांत छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं. मग तोंडात लाळ सुटायला लागली. साधी नव्हे, जाड, फेसाळ, गिळली तरी परत वर येणारी. पाणी प्यावंसं वाटलं. पण वर पाणी ओतून उपयोग नसतो, ते त्या बुचावर जाऊन थांबतं. मी रुमाल तोंडाला लावून बाहेर पडले आणि पुढची चाळीस मिनिटं बेसिनशी वाकून काढली. शेवटी सगळं वर आलं तेव्हा त्यात बदामाचा एक अर्धा तुकडा जसाच्या तसा होता, सालीसकट. त्याच्याकडे बघताना मला ती ३६ फ्रेंचची नळी आठवली.

परत खोलीत आले तर बैठक चालूच होती. कुणीतरी बदामांची ताटली माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्या वाटेला गेले नाही. चौथ्या महिन्यात, परवानगीनं, एक बदाम घेतला. एकच. दातांनी त्याचे दोन तुकडे केले तेव्हा जो 'कट्ट' आवाज कवटीत घुमला, त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका. चार महिने ज्याच्या कानात स्वतःच्या चावण्याचा आवाज आलेला नाही, त्यालाच ते कळेल. तीस-पस्तीस वेळा चावला. आधी तुकडे, मग रवा, मग ओली वाळू, मग दुधासारखं काहीतरी. बदामाला इतकी गोड चव असते हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. त्याआधी मी बदाम गिळतच आले होते.

*

इथे शब्दांची एक अडचण आहे, आणि ती नुसती शब्दांची नाही. इंग्रजीतल्या 'नट्स'ना आपल्याकडे रोजच्या वापरातला नेमका शब्द नाही. पाठ्यपुस्तकातला 'कवचफळं' कुणाच्या तोंडी बसलेला नाही. आपण म्हणतो 'सुकामेवा', आणि त्या एका पिशवीत बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते यांच्याबरोबर मनुका, खजूर, अंजीर, जर्दाळू सगळे येऊन बसतात. ज्याचं पोट शाबूत आहे त्याचं यात काही बिघडत नाही. आमचं बिघडतं. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात ओळख झालेल्या एका ताईंचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं. हृदयाचं नव्हे, पोटाचं: जठराचा छोटासा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यांना कुणीतरी म्हणालं, सुकामेवा खा, ताकद येईल. त्यांनी मनुका आणि खजूर खाल्ले. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात पिळा, मग जुलाब आणि अंथरूण. डम्पिंग म्हणतात त्याला. साखर त्या छोट्या कप्प्यातून धाडकन आतड्यात उतरते आणि शरीराचं सगळं पाणी तिच्यामागे धावतं. बायपासवाल्यांना हे जास्त होतं. स्लीव्हवालेही अगदी सुटत नाहीत. मध लावलेले, साखरेत घोळलेले काजू-बदाम याच रांगेत.

आणि खरे 'नट्स' तरी कुठे एका जातीचे? वनस्पतिशास्त्राप्रमाणे बदाम म्हणजे एका फळाच्या कोयीतलं बी, आणि शेंगदाणा तर सरळ डाळीच्या कुळातला. ताटातही तेच. १०० ग्रॅममध्ये शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन, बदामात २१, पिस्त्यात २०, काजूत १८, अक्रोडात १५, आणि मॅकाडेमियात उणंपुरं ८. मॅकाडेमियाला प्रोटीन म्हणणं म्हणजे लोण्याला दूध म्हणण्यासारखं. उलट भोपळ्याच्या बिया, ज्यांना कुणी विचारत नाही, त्या ३० ग्रॅमच्या घरात जातात. मी या यादीतलं काजूचं १८ वाचलं होतं. शेजारच्या रकान्यातलं वाचलं नव्हतं.

तो शेजारचा रकाना मॅडमनी मला त्या दिवशी वाचायला लावला.

"४२ ग्रॅम बदाम," त्या म्हणाल्या, "म्हणजे पस्तीस-एक बदाम. प्रोटीन ९ ग्रॅम. कॅलरी?"

मी गप्प.

"साधारण २४०. अशा चार मुठी म्हणजे ९६० च्या पुढे. तुमच्या दिवसभराच्या बाकीच्या जेवणाची बेरीज किती आहे सध्या?"

हजार-अकराशेच्या आसपास होती. म्हणजे मी एका दिवसात दोन दिवस खात होते, आणि त्यातला दुसरा दिवस माझ्या वहीत नव्हता.

मग त्यांनी एक हिशोब मांडला. तो मला अजून तोंडपाठ आहे. ६० ग्रॅम प्रोटीन नुसत्या बदामांतून मिळवायचं ठरवलं तर सुमारे २८५ ग्रॅम बदाम लागतील. संख्येनं २३० च्या वर. कॅलरी १,६००च्या पुढे. शिवाय १४० ग्रॅमच्या वर फॅट. दुसरीकडे एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७० कॅलरी; तेच ६ ग्रॅम बदामांतून घ्यायचे तर २८ ग्रॅम बदाम आणि १६४ कॅलरी. "बदाम वाईट नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पण बदाम हे फॅट आहे, ज्यात थोडं प्रोटीन आहे. तुम्ही त्याला उलटं नाव दिलंय."

वाक्य झोंबलं. अजूनही थोडं झोंबतं.

*

उलटं नाव मी अजाणता दिलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. ऑपरेशननंतरच्या जगात 'प्रोटीन' हा परवाना आहे. बिस्किट खाताना कुणी बघितलं तर मान खाली जाते. बदाम खाताना ताठ राहते. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या किलोची बरणी असायची. फोन आला, मूठ. मेल लिहायचा कंटाळा आला, मूठ. कुणाचा राग आला, मूठ तर आवळलेलीच असायची, फक्त त्यात काहीतरी असायचं. एक तरुण सहकारी एकदा म्हणालाही, "मॅडम, तुमच्या ड्रॉवरमध्ये खार राहते का?" मी हसले आणि त्यालाही दोन दिले.

या पोटाची एक खोड आहे, जी फार उशिरा ध्यानात येते. ते एका वेळी जास्त खाऊ देत नाही. पण थोडं थोडं सारखं खाल्लं तर तक्रारही करत नाही. ताटभर जेवणाला ते दार लावतं आणि चरणाऱ्याला खिडकीतून आत घेतं. नट्स त्यासाठी घडवल्यासारखे आहेत: कोरडे, न नासणारे, हात न माखणारे, ताट न मागणारे. पाच बदाम चावून गेले, अर्ध्या तासानं पुन्हा पाच. पोट भरल्याची खूण अशी कधी होतच नाही. ऑपरेशनच्या आधी मी कशी खायचे? असंच. बशी वेगळी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

आणि माणूस स्वतःच्या सोयीचं वाचन किती शोधून करतो! घरी येऊन मी मॅडमना खोटं पाडायला बसले. सापडलंही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला लेबलवरच्या सुमारे १७० नव्हे, १२९ कॅलरीच मिळतात. बदामाच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. आतली चरबी त्यांच्यात अडकून राहते आणि न पचताच बाहेर जाते. मी तो कागद छापून घेतला. पुढच्या भेटीला नेला. वकील जसा कोर्टात शेवटचा साक्षीदार आणतो तशी ऐटीत पुढे ठेवला.

मॅडमनी तो शांतपणे वाचला. (त्यांना तो माहीत होता.) "तुम्ही बदाम किती वेळा चावता?"

"तीस-पस्तीस. तुम्हीच सांगितलंय."

"मग भिंती राहिल्या कुठे?"

प्रश्न चपखल होता. २००९ साली छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना बदाम १०, २५ आणि ४० वेळा चावायला लावले होते. जेवढं जास्त चावलं तेवढी चरबी मोकळी झाली. १० वेळा चावणाऱ्यांच्या शौचातून ती जास्त बाहेर पडली. ४० वेळा चावल्यावर भूक जास्त शमली, हेही त्यात होतं. पुढे २०१६ मध्ये बदामांचे वेगवेगळे प्रकार तपासले, तेव्हा अख्ख्या कच्च्या बदामातून ग्रॅममागे ४.४२ कॅलरी मिळाल्या आणि बदाम-बटरमधून ६.५३. लेबलवरची सूट वाटताना संपली. हे प्रयोग धडधाकट पोटांच्या लोकांवर झाले होते, पण रोख कळायला तेवढे पुरे. आमच्यासारख्यांची पंचाईत बघा. सुरक्षित राहायचं तर बदाम तोंडातच वाटायचा. आणि वाटला की त्याच्या सगळ्या कॅलरी आपल्या. न वाटता गिळला तर कॅलरी वाचतील, पण बेसिनशी चाळीस मिनिटं. मला या न्यायाचं हसू आलं. मॅडमनाही आलं.

प्रोटीनच्या दर्जाचा मुद्दा त्यांनी जाता जाता सांगितला. बदाम-शेंगदाण्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळी, दही, अंडी भरून काढतात. म्हणजे जोडीदार असेल तर बदाम बरा. एकटा अपुरा.

*

त्या प्रतीक्षाकक्षातल्या ताईंचं मात्र पुढे वेगळंच झालं. मनुकांचा धडा घेऊन त्या बदामांकडे वळल्या होत्या. दीड वर्षानं भेटल्या तेव्हा पाठीला हात लावून बसलेल्या. मूतखडा. "बदामांनी," त्या म्हणाल्या. मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. नव्हत्या. अर्थात एकट्या बदामांनी नव्हे. पण त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते ऐकून मी थक्क झाले. बायपासमध्ये चरबी पूर्ण शोषली जात नाही. न शोषलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला धरून बसते. एरवी ते कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झॅलेटला पकडून बाहेर नेतं. आता ऑक्झॅलेट मोकाट सुटतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात पोहोचून खडा बांधतं. बदामात ऑक्झॅलेट भरपूर. त्यात पाणी कमी प्यायची सवय, कारण जेवणाबरोबर पाणी नको आणि नंतर अर्धा तासही नको म्हटलं की दिवसातले घोट निसटतातच. त्यांना आता बदाम मोजूनमापून, कॅल्शियम जेवणाबरोबर, आणि बाटली कायम हातात.

"मग खाऊ तरी काय?" असं त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांना विचारावं तसं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा स्लीव्ह, त्यांचा बायपास. एकाच बाकावर बसून आम्ही दोन वेगळी पोटं घेऊन आलो होतो.

*

मी बदाम सोडले नाहीत. सोडावे असं मला कुणी सांगितलंही नाही. त्यांत तंतू आहेत, आणि ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ ज्यानं अनुभवलंय तो तंतूंची टिंगल करत नाही. चांगली चरबी आहे, ई जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे. प्रवासात, उशीर झालेल्या दिवशी, शेकचा तिटकारा आलेल्या दिवशी दहा बदाम खरंच सांभाळून घेतात. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

ड्रॉवरमधली बरणी मात्र त्याच आठवड्यात घरी आणली. पहिले काही दिवस हात आपोआप ड्रॉवरकडे जायचा, तिथे स्टेपलर असायचा, आणि मी स्टेपलर हातात घेऊन बसायचे. दुपारी चारच्या सुमारास हे हमखास व्हायचं. भूक म्हणून नव्हे. चार वाजता मला एका ठरावीक माणसाचा फोन यायचा. हे दोन्ही एकत्र मांडून बघायला मला तीन आठवडे लागले. त्याबद्दल लिहायचं तर तो वेगळा लेख होईल, आणि तो माणूस हा वाचत असेल.

आता स्वयंपाकघरात काटा आहे. रोज १५ ग्रॅम, म्हणजे बारा-तेरा बदाम, बहुतेक वेळा दह्याबरोबर. आणि वहीत ते 'फॅट'च्या रकान्यात जातात. त्यांचे ३ ग्रॅम प्रोटीन मी बेरजेत धरते, पण भिस्त ठेवत नाही. पहिल्या दिवशी काट्यावर १५ ग्रॅम टाकले तेव्हा वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. हातात घेतले तर मूठ मिटली तरी आत पोकळी राहिली, बोटं तळव्याला टेकली. ती पोकळी मला फार दिवस सलली. हल्ली मी हातात घेतच नाही, वाटीतून एकेक उचलते.

३.५ पैकी २ किलो उतरले आहेत. उरलेला दीड ठिय्या देऊन बसलाय.

काल रात्री वाटी घेऊन टेबलाशी बसले होते. मुलगा आला, त्यानं फडताळातली बरणी काढली, उभ्या उभ्या मूठ भरली. पाच-सहा एकदम तोंडात टाकले.

"किती घेतलेस रे?"

"किती म्हणजे? मूठभर," तो तोंड भरलेल्या आवाजात म्हणाला आणि आत गेला. त्याच्या खोलीचं दार लोटेपर्यंत मला त्याचं चावणं ऐकू येत होतं. दोनदा, तीनदा, की गिळलं. मी सातव्या बदामावर होते.